पोरगा धावतोय, पण पुढं काय?

"ताई, पयीसन पोट भरस का?" म्हणजे पळून पोट भरतं का, पारोळ्याकडचे एक काका खुर्चीत बसायच्या आधीच हे बोलले. सोबत २३ वर्षांचा मुलगा, मान खाली (ओळख पटेल असं सगळं बदललंय). मी जळगावात करिअरबद्दल सल्ला देते, आणि हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून चार-पाच आईबाप तरी घेऊन येतात, पोरगं ८०० किंवा १५०० मीटर पळतं आणि नोकरीचं नाव काढलं की चिडतं.

काकांचं म्हणणं सरळ होतं, पोलीस भरतीला १६०० मीटर पळवतात, हा ८०० पळतो, म्हणजे दुप्पटच ना, मग फॉर्म का भरत नाही. मुलगा म्हणे मी ॲथलीट आहे, भरतीवाला नाही. अर्धा तास दोघं एकमेकांकडे न बघता माझ्याशीच भांडले.

मी मंजीत सिंगचं उदाहरण दिलं. २०१८ ला जकार्ताच्या एशियाडमध्ये ८०० चं गोल्ड, वय २९ ला टेकलेलं, आणि तेव्हा हातात नोकरी नव्हती. खरं सांगते, हे उदाहरण देऊन मी चूकच केली, कारण मुलाला फक्त गोल्ड ऐकू आलं आणि बापाला फक्त नोकरी नव्हती तेवढंच.

मग मुलाला ८०० चा टाइम विचारला. १:५२, म्हणजे एक मिनिट बावन्न सेकंद, दोन वर्षांपासून तोच. मंजीतचा १:४६.१५. काका म्हणाले सहा सेकंदच ना, तेवढ्यात तर मी चप्पल पण घालत नाही. मी कागदावर हिशोब करून दाखवला, १:५२ वाला सेकंदाला सात मीटर जातो, म्हणजे मंजीत लाईन पार करतो तेव्हा हा अजून चाळीस मीटर मागं असतो. काका थोडा वेळ गप्प, मग म्हणाले, "म्हणजे आपल्या खळ्यापासून विहिरीपर्यंत."

आणि मुलगा रडायला लागला.

त्याला ते चाळीस मीटर कधीचे माहीत होते हो. पुण्याला कोचिंगला पाठवायला बापानं बैलजोडी विकली होती, आता मला जमत नाहीये हे कुठल्या तोंडानं सांगायचं, म्हणून पळत राहिला, नडगी दुखत असताना पण. काकांना वाटायचं पोरगा हट्टी आहे. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या केसेसमध्ये खरी गोष्ट करिअरची नसतेच, अशी कुठली तरी उधारी असते.

मी त्याला पळणं सोड म्हटलं नाही, ते माझं काम नाही. आधी नडगी डॉक्टरला दाखव म्हटलं, दुखऱ्या पायाच्या टाइमवर निर्णय घेऊ नको, मग दोन सीझन पळ आणि किती टाइम आला तर पुढं चालू ठेवायचं तो आकडा आजच लिहून ठेव, तो त्यानं स्वतः लिहिला, १:४९. सोबत भरतीचा फॉर्म भरायचा, कारण खुल्या गटाला वयाची अट २८ ची आहे आणि ती कोणासाठी थांबत नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी सर्टिफिकेट पडताळून घ्यावं लागतं, पोरं ते ट्रंकेत ठेवून देतात आणि जाहिरात आली की धावपळ. हे काकांना पण माहीत नव्हतं.

मागच्या महिन्यात फोन आला त्याचा. फॉर्म भरलाय, नडगी बरी आहे, टाइम १:५१ च्या आत आलाय. बैलांचा विषय घरात अजून कोणी काढत नाही म्हणाला.