दमलास तरी काम चालू ठेव, पण डोकं शाबूत ठेवून

मदतीच्या कामात पहिले दोन दिवस अंगात वारं शिरल्यासारखं होतं. मग पाय बोलायला लागतात. अंग दमणं वेगळं आणि डोकं बंद पडणं वेगळं, एवढं आधी ओळखायला शिक. खांदे भरून आलेत? काम बदल. ओझी उचलायची सोडून तासभर बसून याद्या कर, मग परत उभा राहा. अंगाचं दुखणं बरंच रेटता येतं.

पण एकच नाव यादीत दोनदा लिहिलंस किंवा समोरच्यावर उगाच खेकसलास, की थांबायचं. तिथे जिद्द कामाची नाही (आणि ती दाखवणारे फार भेटतात). सलग 17 तास जागा असलेला माणूस थोडी दारू प्यायल्यासारखाच चुकतो, हे प्रयोगांत दिसलंय. त्याच्या हातात गाडीची किल्ली नको, औषधांचा डबाही नको.

गजर लावून 20 मिनिटं डुलकी काढ. उठल्या उठल्या गाडी मात्र चालवू नकोस, सुस्ती जायला वेळ लागतो. आणि ‘जरा पडतो’ म्हणत गायब होऊ नकोस. कोणाचं औषध राहिलंय, कोण कोणाची वाट बघतंय, ते पुढच्याला नीट सांगूनच पाठ टेक.