मुलीचं फिजिओथेरपी क्लिनिक: ठाणे, उलवे की चिपळूण?

प्रश्न : माझ्या मुलीने फिजिओथेरपीची पदवी बीपीटीएच आणि पुढे मस्क्युलोस्केलेटल (हाडं-सांधे-स्नायू) विषयात पदव्युत्तर एमपीटीएच केलं आहे. गेली तीन वर्षं ती ठाण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये नोकरी करते. आता स्वतःचं क्लिनिक काढायचं म्हणते आणि तिला जागा घोडबंदर रोडलाच हवी आहे. माझे दीर म्हणतात, नवी मुंबईत उलव्यात गाळा बुक करा, विमानतळ आलाय, आता भाव तिकडेच येणार. आमचं घर चिपळूणला आहे, तळमजल्याच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, भाडं नाही, तिथेच काढू दे असं ह्यांचं म्हणणं. ह्यांचे निवृत्तीचे पैसे आले आहेत, त्यातून गाळा होऊ शकतो. पण उद्या लग्न होऊन ती लांब गेली तर काय करायचं? कुठल्या शहराला भवितव्य आहे ते सांगा.
— एक आई, कळवा

उत्तर :

ताई,

तुमच्या घरात तीन माणसं तीन ठिकाणांची नावं घेत आहेत आणि प्रत्येकाच्या म्हणण्याला काहीतरी आधार आहे. पण तुमच्या पत्रात पेशंटबद्दल एकही वाक्य नाही. म्हणून मी तिथून सुरुवात करते.

मुलीकडे कोण येणार? गुडघा बदललेल्या आजी, कंबर धरलेला नोकरदार, खांदा आखडल्यामुळे केस विंचरता न येणाऱ्या बाई. दाताचा पेशंट चांगल्या डॉक्टरसाठी डोंबिवलीहून दादरला जाईल, कारण त्याला दोन-चार वेळाच जायचं असतं. फिजिओथेरपीत तसं होत नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर साधारण सहा ते बारा आठवडे व्यायाम चालतो, फ्रोझन शोल्डरला तर कित्येक महिने लागतात. सुरुवातीला रोज किंवा एक दिवसाआड यायचं, तेही दुखत असताना, रिक्षाने, सोबत घरातलं कुणीतरी घेऊन. पेशंट पाच-सहा सिटिंगनंतर यायचा थांबतो तेव्हा बहुतेक वेळा अंतर नडलेलं असतं. आणि तो थांबला की नुकसान क्लिनिकपेक्षा त्याचंच जास्त होतं, कारण ऑपरेशन चांगलं होऊनही गुडघा पूर्ण वाकत नाही. फिजिओथेरपिस्टने जागा निवडणं हा उपचाराचाच भाग आहे, असं मी मानते.

म्हणून शहराच्या भवितव्याचा प्रश्न तिच्या कामाच्या मापाने फार मोठा पडतो. तिचं गाव म्हणजे क्लिनिकपासून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांत पोचता येईल तेवढा परिसर. तिथे कोणत्या वयाची माणसं राहतात, दिवसा घरी कोण असतं, इमारतीला लिफ्ट आहे का, या गोष्टींवर तिचं काम चालेल किंवा अडेल.

आधी उलवे घेऊ, कारण तिथे तुमचे पैसे अडकायची भीती आहे. २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ ला झालं, त्याच दिवशी लोकलही उलव्याच्या खारकोपर स्थानकापुढे उरणपर्यंत गेली. विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. तेव्हा उलव्याला भवितव्य आहे हे दिरांचं म्हणणं मला पटतं. पण ते जमिनीच्या आणि फ्लॅटच्या भावाबद्दल बोलत आहेत. नव्या नोडमध्ये, म्हणजे नव्याने वसवलेल्या अशा भागात, बरीच घरं गुंतवणूक म्हणून घेतलेली असतात, भाडेकरूही लवकर बदलतात. इमारत पूर्ण विकली गेली म्हणजे माणसं राहायला आली असं होत नाही. एखाद्या मंगळवारी रात्री आठ-साडेआठला तुम्ही दोघी तिथे जा, ज्या रस्त्यावर गाळा दाखवला आहे त्या रस्त्याने चाला आणि किती खिडक्यांत दिवे आहेत, किती गॅलऱ्यांत कपडे वाळत आहेत ते बघा. रविवारी जाऊ नका, रविवारी घर बघायला आलेल्यांचीच गर्दी असते.

शिवाय उलव्यात राहायला आलेली कुटुंबं बहुतेक तरुण आहेत. त्यांनाही फिजिओ लागतो: मान, कंबर, बाळंतपणानंतरचे त्रास, टर्फवर फुटबॉल खेळताना मुरगळलेला पाय. पण ही माणसं मुंबईहून घरी पोचतात संध्याकाळी सात-साडेसातला, त्यामुळे क्लिनिकची खरी वेळ सात ते साडेनऊ. दिवसभराचं भाडं भरून अडीच तास काम, हे गणित पहिली काही वर्षं जड जातं. मुलगी अजून पाच वर्षांनी उलव्यात दुसरी शाखा काढणार असती तर मी आनंदाने हो म्हटलं असतं.

आता घोडबंदर रोड. बाहेरून हा एकच भाग वाटतो, पण तिथे राहणाऱ्याला विचारा. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, आनंदनगर, कासारवडवली हे सगळे आपापले वेगळे परिसर आहेत, आणि मधून हायवे जातो. क्लिनिक हायवेच्या डाव्या अंगाला आणि आजींची सोसायटी उजव्या अंगाला असेल तर नकाशावर तीनशे मीटर दिसणाऱ्या अंतरासाठी रिक्षाला लांबून वळसा घ्यावा लागतो. अवजड गाड्या अडकल्या, त्यात पावसाळ्यातले खड्डे आले, की तो वळसा अर्ध्या तासाचा होतो. त्यामुळे ती घोडबंदर रोड म्हणाली तर तिला विचारा, कुठली बाजू आणि कुठल्या पुलाच्या आधी. हे उत्तर तिच्याकडे तयार असेल तर तिने विचार केला आहे असं समजा.

या पट्ट्यात तिच्यासाठी काम मात्र भरपूर आहे. मोठी संकुलं आहेत, प्रत्येक इमारतीत लिफ्ट आहे, आणि मुलगा-सुनेकडे राहायला आलेले आईवडील दिवसभर घरी असतात. अडचण भाड्याची. रस्त्यावरच्या गाळ्यासाठी ती जी रक्कम मोजेल त्यात आतल्या सर्व्हिस लेनला किंवा संकुलाच्या शॉपिंग लाइनमध्ये दीडपट जागा मिळू शकते. फिजिओचा पेशंट पाटी बघून आत शिरत नाही, कुणीतरी सांगितल्यावर येतो. दर्शनी जागेसाठी जास्तीचे पैसे घालवायची तिला गरज नाही. पायऱ्या नसलेला दरवाजा आणि दारापर्यंत रिक्षा येणं, एवढं मात्र हवंच.

तुम्ही विचारलं नाही, पण माझ्या मते सगळ्यात आधी बघायचे ते जुने भाग: नौपाडा, पाचपाखाडी, आणि खाडीपलीकडे वाशी, नेरूळ. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. पहिल्या काही सेक्टरांत तरुणपणी राहायला आलेली मंडळी आता सत्तरी-ऐंशीत आहेत, आणि त्यांतल्या अनेकांची घरं बिनलिफ्टच्या इमारतींत आहेत. सकाळी साडेसहाला कचराळी तलावाच्या ट्रॅकवर किंवा वाशीच्या सागर विहारला जाऊन अर्धा तास बसा. किती जण एका पायावर भार टाकून चालतात, किती जण दर फेरीनंतर बाकावर टेकतात, ते तुमच्या मुलीला तुमच्यापेक्षा लवकर दिसेल. त्याच भागातल्या दोन-तीन केमिस्टांना विचारा, गुडघ्याचे आणि कमरेचे पट्टे महिन्याला किती खपतात. ते खुशाल सांगतात. ज्येष्ठ नागरिक संघही या सगळ्या भागांत आहेत. तिने 'घरात पडू नये म्हणून काय करावं' यावर तासाभराचं बोलणं करायची तयारी दाखवली तर तिला नाही म्हणणारा संघ मला तरी माहीत नाही.

जुन्या भागात एक धोका आहे आणि तो मोठा आहे: पुनर्विकास. नौपाड्यात काय किंवा वाशीत काय, इमारती एकापाठोपाठ एक पाडायला जात आहेत. सोसायटी रिकामी झाली की आजी-आजोबा तीन-चार वर्षांसाठी भाड्याने दुसरीकडे जातात. क्लिनिक त्याच इमारतीत असेल तर तुम्हालाही निघावं लागतं, आणि मुदतीच्या करारावरच्या भाडेकरूला बिल्डर सहसा काही देत नाही. म्हणून जागा बघताना सोसायटीच्या सेक्रेटरींना सरळ विचारा, पुनर्विकासाचा ठराव झाला आहे का, बिल्डर नेमला आहे का. आजूबाजूच्या चार सोसायट्यांचीही हीच चौकशी करा.

खारघरबद्दल थोडं. टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोगाचं उपचार-संशोधन केंद्र तिथे आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर अनेक स्त्रियांचा हात सुजतो, खांदा वर जात नाही. त्यावर काम करणारे प्रशिक्षित फिजिओ थोडे आहेत. मुलीचा मूळ विषय वेगळा आहे, पण या कामात रस असेल तर तिने आधी त्याचं रीतसर प्रशिक्षण घ्यावं, मग खारघरचा विचार करावा.

चिपळूणला मी कमी लेखत नाही. बिनभाड्याची जागा ही फार मोठी सवलत आहे, आणि कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांना जवळ फिजिओ मिळणं ही तिथली गरज आहे. पण २२ जुलै २०२१ चा पूर तुम्हाला आठवत असेल. घर पूररेषेत असेल तर तळमजल्यावर ट्रॅक्शन टेबल आणि विजेच्या सौम्य प्रवाहाने दुखणं कमी करणारं आयएफटीचं मशीन ठेवायचं नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथे राहायची तिची इच्छा आहे का, हे पत्रात कुठेच नाही. ती मनापासून तयार असेल तर जरूर. जागा फुकट आहे म्हणून तिला पाठवू नका.

आता पैशांचं. तुमच्या ह्यांच्या निवृत्तीच्या रकमेला हात लावू नका, ही माझी कळकळीची विनंती. पहिलं क्लिनिक विकत घेतलेल्या जागेत काढू नये, कारण परिसर चुकला तर भाड्याची जागा बदलता येते, विकत घेतलेली गळ्यात पडते. सुरुवातीची सामग्री फार लागत नाही: दोन प्लिंथ (पेशंटला झोपवायचे बाक), आयएफटी, त्यासारखंच टेन्स, उपचाराचं अल्ट्रासाउंड, थेराबँड (व्यायामाचे रबरी पट्टे), वजनं, एक आरसा. महागडं लेझर मशीन विकायला येणाऱ्यांना वर्षभर थांबायला सांगा. मुद्रा योजनेत 'किशोर' गटात ५० हजार ते ५ लाख आणि 'तरुण' गटात १० लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. कर्ज तिच्या नावावर, हप्ता तिच्या कमाईतून. हप्ता भरायचा असला की माणूस हिशेब नीट ठेवतो.

भाडेकरार अकरा महिन्यांचा करू नका. पेशंट जोडायलाच वर्ष जातं, आणि मग मालक भाडं वाढवतो. निदान तीन वर्षांचा करार, वाढ किती ते आधीच लिहिलेलं, आणि लॉक-इन, म्हणजे मुदतीआधी करार न मोडण्याचं बंधन, मालकावर असावं, तिच्यावर कमीत कमी. करार नोंदवायलाच लागतो, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे. मालक जीएसटीत नोंदणी केलेला असेल तर व्यावसायिक भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. आरोग्यसेवेला जीएसटी माफ असल्यामुळे तिला तो वळता करून घेता येत नाही, तेव्हा चाळीस हजारांचं भाडं म्हणजे प्रत्यक्षात ४७,२००. राहत्या फ्लॅटमध्ये क्लिनिक काढायचं असेल तर सोसायटीचं नाहरकत पत्र आणि वापराबद्दलचा पालिकेचा नियम आधी, रंगकाम नंतर. फिजिओथेरपी परिषदेची नोंदणी चालू ठेवायची. ती ड्राय नीडलिंग करणार असेल तर सुयांमुळे जैववैद्यकीय कचऱ्याची सोय करावीच लागेल.

एका बाबतीत मी तडजोड सांगणार नाही. रेफरन्ससाठी टक्का मागणारे तिला भेटतील आणि 'सगळेच देतात' असंही सांगतील. देऊ नये. तो टक्का शेवटी त्या गुडघा दुखणाऱ्या आजीच्या बिलातून येतो, नाहीतर तिला नको असलेल्या पाच जादा सिटिंगमधून. ऑर्थोपेडिक सर्जनना दर पेशंटमागे अर्ध्या पानाचा रिपोर्ट पाठवायचा, गुडघा किती अंशांत वाकतो, सूज किती, पुढचं काय. चांगला सर्जन त्यावरच पेशंट पाठवतो.

आणि लग्न. ताई, तुमची काळजी मला समजते. पण न ठरलेल्या स्थळाच्या पत्त्यावरून क्लिनिक ठरवता येत नाही. आधी क्लिनिक चालू द्या. स्थळं येतील तेव्हा 'मुलीचं नौपाड्यात क्लिनिक आहे' हे पहिल्याच भेटीत सांगा. ज्या घराला ते चालणार नाही ते घर तेव्हाच कळलेलं बरं. भाड्याची जागा आणि तिच्या नावावरचं छोटं कर्ज असेल तर पुढे सगळं हलवावं लागलं तरी हलवता येतं, गाळा घेण्याविरुद्ध हेही एक कारण आहे.

दिरांना सांगा की टोकन देत नाही. ते वाईट मानणार असतील तर माझं नाव पुढे करा. मुलीने नोकरी लगेच सोडू नये. हॉस्पिटलचं नियुक्तिपत्र वाचून बाहेर काम करायला परवानगी आहे का ते बघावं, नसेल तर मागावी. मग एखाद्या पॉलिक्लिनिकमध्ये संध्याकाळचे दोन तास भाड्याने घेऊन आणि थोड्या होम व्हिजिट करून सहा महिने काढावेत. हॉस्पिटलच्या पेशंटचे नंबर आणू नयेत, ते योग्य नाही. स्वतःकडे येणाऱ्या प्रत्येक पेशंटसमोर तिने वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: कुठल्या परिसरातून आला, किती सिटिंग सांगितल्या होत्या, प्रत्यक्षात किती झाल्या. ज्या परिसरातले पेशंट सांगितलेल्या सिटिंग पूर्ण करतात, तिथे जागा शोधायला लागायचं. ती वही भरत आली की मला पाठवा. पेशंटची नावं त्यातून काढून टाका, बाकीच्या तीन रकान्यांवरून आपण तिघी बसून ठरवू.