‘अजून नाही’वर खूण करायला हात धजला नाही

पत्र : ताई, माझी मुलगी ३२व्या आठवड्यात झाली, वजन १४०० ग्रॅम. काचेच्या पेटीतून घरी आणली, आता ती नऊ महिन्यांची आहे. मागच्या तपासणीला सिस्टरांनी रांगेतच हातात प्रश्नांचे कागद दिले. वर ‘९ महिने’ छापलेलं. बसते का, बारीक वस्तू उचलते का, आरशावर हात मारते का, असे पाच भागांत तीस प्रश्न. शेजारी सासूबाई बसल्या होत्या. त्या प्रत्येक प्रश्नाला ‘हो लिही’ म्हणत होत्या. मी चार-पाच ठिकाणी खोटंच ‘हो’ केलं. डॉक्टर म्हणाले, छान चाललंय. तेव्हापासून मला झोप नाही. यजमान म्हणतात, पोरगी काय परीक्षेला बसलीय का, पुढच्या वेळी जाऊच नका. खरं सांगितलं तर डॉक्टर रागावतील का? आणि काही निघालं तर?
– एक आई, सातारा जिल्हा

प्रिय मुली,

डॉक्टरांना खरं सांग. पुढच्या तारखेची वाट बघू नकोस, या आठवड्यातच फोन कर. ‘मागच्या वेळचा फॉर्म मी घाबरून भरला, मला तो पुन्हा भरायचाय,’ एवढं बोललीस तरी पुरे. रोज अशी बाळं बघणाऱ्या डॉक्टरांसाठी ही नवलाची गोष्ट नाही. आणि समजा रागावलेच, तर ते बोलणं दोन मिनिटांचं असेल. चुकीच्या कागदावरून त्यांनी काढलेला अंदाज मात्र लेकीच्या फाइलला चिकटून राहील.

तू खोटं का लिहिलंस हे मला नीट समजतं. पेटीतल्या बाळाच्या आईला आधीच वाटत असतं की आपल्याकडूनच काहीतरी कमी पडलं. त्यात समोर तीस प्रश्न, मागे रांग, शेजारी सासूबाई. असा कागद रांगेत उभ्या बाईच्या हातात देणंच मुळात चूक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. हे प्रश्न घरी नेऊन, बाळ जागं आणि पोट भरलेलं असताना, एकेक करून बघून भरायचे असतात. तुला कागद घरी मागण्याचा हक्क आहे, मराठीत मागण्याचाही आहे.

आता तुझ्या पत्रातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तुझी लेक आठ आठवडे आधी आली. अशा बाळाचं वय मोजताना ते आठ आठवडे वजा करायचे असतात. म्हणजे विकासाच्या हिशेबात ती आज नऊ नाही, सुमारे सात महिन्यांची आहे. तू वर्णन केलेला फॉर्म अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठात तयार झालेल्या ‘एजेस अँड स्टेजेस’ प्रश्नावलीचा दिसतो. तीन आठवडे किंवा त्याहून आधी जन्मलेल्या बाळासाठी दोन वर्षांचं होईपर्यंत हे सुधारित वय धरायचं, असा त्या प्रश्नावलीचाच नियम आहे. सात महिने पूर्ण झालेल्या बाळालाही ‘८ महिने’ छापलेलाच कागद देतात, म्हणून त्या हिशेबाने तुला ८ महिन्यांचा कागद मिळायला हवा होता. ज्या प्रश्नांपाशी तुझा हात थांबला, त्यातले काही तिच्या वयाचे नव्हतेच, असंही असू शकेल. फोनवर हे आधी विचार.

गुणांची भीतीही घालवते. ‘हो’ला १०, ‘कधी कधी’ला ५, ‘अजून नाही’ला शून्य, अशी प्रत्येक भागाची बेरीज ६०पर्यंत जाते. बेरीज ठरलेल्या रेषेखाली आली म्हणजे आजार ठरला असं नाही. बाळाला नीट तपासायला हवं, एवढाच त्याचा अर्थ. मग हातापायांचा ताठरपणा बघतात, ऐकण्या-बघण्याची तपासणी करतात, गरज वाटली तर डीएएसआयआयसारखी भारतीय बाळांसाठी बेतलेली सविस्तर चाचणी घेतात. आणि बेरीज रेषेच्या वर आली तरी पेटीतल्या बाळाच्या तपासण्या थांबवायच्या नसतात.

आईला काय कळतं, असं घरात कुणी म्हणालं तर त्यांना हे सांग. दिल्लीत हीच प्रश्नावली हिंदीत आणून पालकांकडून भरून घेतली आणि तज्ज्ञांच्या चाचणीशी ताडून पाहिली. तो अभ्यास २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. जोखमीच्या बाळांमध्ये ज्यांचा विकास खरोखर मागे होता, त्यातली दहापैकी नऊ बाळं पालकांच्या उत्तरांतूनच ओळखू आली होती. अर्थात, उत्तरं खरी असतील तरच.

नवीन कागद आला की असं कर. चटई घाल, तिला पालथी ठेव आणि काही न बोलता बघ. हातावर भार देऊन छाती उचलते का? दिवसभर झोळीत नाहीतर कडेवर असेल तर तिला ती संधीच मिळालेली नसेल, तेव्हा चार-पाच दिवस रोज थोडा वेळ पालथी घालून मग उत्तर लिही. मांडीवर घेऊन ताटात एक चुरमुरा ठेव. सगळी बोटं फिरवून ओढून घेते का, की नुसती बघते? एकच हात पुढे येतो का दोन्ही, हेही बघ. चुरमुरा तोंडात जाऊ देऊ नकोस. आणि आरसा. बऱ्याच घरांत लहान बाळाला आरसा दाखवत नाहीत. तुमच्याकडेही तसं असेल तर ‘दाखवलेला नाही’ असं लिही आणि उत्तर रिकामं सोड. एखादं उत्तर नसलं तरी गुण काढता येतात.

सासूबाईंना या खेळापासून लांब ठेवू नकोस. त्यांनीही त्या काचेतून नातीला बघितलंय, त्यांचं ‘हो लिही’ त्याच भीतीतून आलंय. चुरमुरा त्यांनाच ठेवू दे. त्यांच्या डोळ्यांसमोर नात जे करेल ते लिहायला त्या अडवणार नाहीत, असं मला वाटतं.

काही गोष्टींसाठी मात्र कागदाची वाट बघायची नाही. मान अजून डुगडुगते, मुठी सतत आवळलेल्या असतात, पाय कात्रीसारखे ताठ होतात, एकच बाजू वापरते, आवाजाकडे वळत नाही, नजर धरत नाही. यातलं काहीही दिसलं तर दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठ.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, काही निघालं तर? निघालं तर व्यायाम आणि थेरपी आत्ताच सुरू होईल. पहिल्या दोन वर्षांत मेंदू झपाट्याने घडत असतो, म्हणूनच सगळे घाई करतात. यजमानांना खर्चाची धास्ती असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात हे मोफत होतं. तो कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. आशाताईंना विचार, त्या चिठ्ठी मिळवून देतील.

पुढच्या तपासणीला यजमानांना बरोबर ने. त्यांनी स्वतः वेगळा कागद भरावा, तू वेगळा भर, आणि जिथे उत्तरं जुळणार नाहीत तिथे डॉक्टरांना बोट ठेवून विचारा. डिस्चार्ज कार्ड न्यायला विसरू नकोस, किती आठवड्यांत झाली ते त्यावर लिहिलेलं असतं.

तुझी ताई