आधीच्या नवऱ्याने मोठा वकील दिलाय. मुलाच्या पोटगीसाठी मी स्वतः कोर्टात उभी राहू शकते का?

होय ताई, राहता येतं. मी राहिले आहे, म्हणून लिहिते.

तुम्ही लिहिलंय की घटस्फोटानंतर निपाणीजवळ माहेरी राहता. नऊ वर्षांचा मुलगा तुमच्यापाशी आहे, त्याचे वडील कोल्हापुरात कामाला आहेत, त्यांचा वकील नावाजलेला आहे. वकील करायला तुमच्याकडे पैसे नाहीत आणि कोर्टाचं कन्नड वाचता येत नाही. मी खानापूर तालुक्यातली, मराठी शाळेत शिकलेली, घरी शिवणकाम करते. माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. आधी वकील होते, पैसे संपले तेव्हा कागद परत घेतले आणि पुढची सगळी केस बेळगावात मीच चालवली.

कायद्यापुरतं सांगते. कौटुंबिक न्यायालयांचा कायदा 1984 चा आहे. त्याच्या कलम 13 प्रमाणे तिथे वकील लावणं हा कुणाचाच हक्क नाही, वकिलाला न्यायालयाची परवानगी लागते. म्हणजे तुम्ही एकटीने उभं राहणं ही तिथे मेहरबानी नाही, ते कोर्ट मुळात त्यासाठीच केलेलं आहे. तालुक्याच्या कोर्टात न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे प्रकरण असेल तरी स्वतःची बाजू स्वतः मांडता येते.

पण त्याआधी एक काम करा, जे मला वेळेत कुणी सांगितलं नाही. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाई आणि मूल, दोघांनाही सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्याला उत्पन्नाची अट नाही. कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, नाहीतर 15100 ला फोन लावा. तिथला वकील पटला तर जरूर घ्या. फक्त एक लक्षात ठेवा, वकीलपत्र दिल्यावर बोलायचं त्यांनी. अर्धं त्यांनी आणि अर्धं तुम्ही असं सहसा चालत नाही. म्हणून ठरवायचं ते आधी ठरवा.

आता स्वतःच उभं राहायचं असेल तर माझ्या अनुभवातली सगळ्यात मोठी गोष्ट ही: हे प्रकरण तुमच्या लग्नाचं नाही. पोराला महिन्याला किती लागतात आणि बापाला किती झेपतं, एवढंच त्यात आहे. समोरचा वकील तुम्हाला लग्नात ओढणार, कारण तिथे तुम्ही रडणार, चिडणार आणि आकडे बाजूला पडणार.

मला पहिलाच प्रश्न आला, "तुम्ही स्वतःहून घर सोडलं, बरोबर?" मी सुरू झाले. सासू काय म्हणाली, त्या रात्री काय झालं, कोण मध्ये पडलं. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "बाई, मुलाचं सांगा." त्या ठेवलेल्या पेनाने मी शहाणी झाले. जे लिहिलं जात नाही ते कोर्टात बोललेलंच नसतं. तुमच्या स्वतःच्या पोटगीच्या अर्जात घर का सोडलं हा प्रश्न निघू शकतो, मुलाच्या अर्जात त्याला अर्थ नाही. 'मुलाला भेटू देत नाही म्हणून पैसे देत नाही' हेही तसंच. भेटीसाठी त्यांनी वेगळा अर्ज करावा, त्यापायी पोराचं जेवण अडत नाही. एवढं एका वाक्यात बोलायचं आणि थांबायचं.

वही करा. आजपासून. मी दोनशे पानी वही केली आणि रोज रात्री लिहीत गेले. जुलैचं पान अजून डोळ्यासमोर आहे: रेनकोट 450, दम्याचा पंप 380, शाळेची रिक्षा 700, दूध, डॉक्टर, वह्या, दोनदा भिजलेल्या बुटांऐवजी नवे बूट. प्रत्येक ओळीपुढे पावती असेल तर तिचा नंबर, नसेल तर तसं लिहिलेलं. खानापूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. चार महिने दम्याचं पोर सांभाळायला काय लागतं हे सांगायला मला भाषण करावं लागलं नाही, पान उघडून दिलं. वकिलाने आकडा फुगवलाय म्हटलं तेव्हा न्यायाधीशांनी वही स्वतःकडे घेतली आणि मागची पानं चाळली.

त्याच वहीत माझी शिलाईची मिळकतही होती. गणपती-दिवाळीला नऊ-दहा हजार, पावसाळ्यात तीन हजार. ओळखीच्या बायका म्हणाल्या, ती लपव. लपवू नका. वकिलाने विचारलं, "तुम्ही महिन्याला वीस हजार कमावता ना?" मी म्हटलं, "वहीत आहे तेवढे." पुढचा प्रश्न त्यांनी सोडून दिला.

वहीइतकाच मोठा कागद म्हणजे उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र. 4 नोव्हेंबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सांगितलं की पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी आपली मिळकत, खर्च, कर्ज, मालमत्ता हे सगळं ठरलेल्या नमुन्यात शपथेवर द्यायचं. हे फक्त तुम्ही द्यायचं नाही, त्यांनीही द्यायचं. समोरून आलं नसेल तर प्रत्येक तारखेला उभं राहून हे एकच मागा: "त्यांचं प्रतिज्ञापत्र आलेलं नाही." वारंवार टाळाटाळ केली तर न्यायालय त्यांचा बचावच काढून टाकू शकतं, खोटं लिहिलं तर कारवाई होऊ शकते. पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यावी हेही त्याच निकालात आहे, म्हणून तुमच्या अर्जात ती तारीख स्पष्ट मागा. आणि पगाराचे अमुक टक्के मिळतात असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. तसं पक्कं सूत्र नाही.

प्रतिज्ञापत्र हाती आलं की बँकेच्या उताऱ्याशेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचा. माझ्या मुलाच्या वडिलांनी उत्पन्न 9,500 लिहिलं होतं, 'मिळेल ते हंगामी काम'. उतारा कोर्टाने मागवल्यावर आला. दोन रात्री मी तो पेन्सिलीने खुणा करत वाचला. उलटतपासणीला माझ्याकडे कागदाच्या तुकड्यावर पाचच प्रश्न होते.

"मोटरसायकल तुमच्या नावावर आहे?" होय. "हप्ता 4,800?" होय. "खोलीचं भाडं 3,500?" होय. "गावी आईला दरमहा 2,000 पाठवता?" होय. "या तिन्हीची बेरीज 10,300 होते?"

वकील उठले, हा प्रश्नच नाही म्हणाले. न्यायाधीश म्हणाले, उत्तर येऊ द्या. 'होय' लिहिलं गेलं आणि मी खाली बसले. 'मग तुम्ही जेवता कशावर?' हे ओठावर आलं होतं. विचारलं नाही. विचारलं असतं तर मित्राकडून उसने घेतो, भाऊ देतो, असं सांगायला त्यांना वाट मिळाली असती. ज्याचं उत्तर हातातल्या कागदावर नाही तो प्रश्न विचारू नका. आईला पैसे पाठवणं चूक आहे असंही मी सुचवलं नाही, ते चूक नाहीच. पैसे येतात, एवढंच दाखवायचं होतं.

भाषेचं. तुमची भीती मला कळते. आपल्या भागात बाजारात बोलण्याइतकं कन्नड सगळ्यांना येतं, पण कोर्टाचा कागद समोर आला की अक्षरं ओळखू येत नाहीत. पण शब्द थोडेच आहेत, पाठ करा. पोटगीला 'जीवनांश' म्हणतात. तुम्ही 'अर्जिदारळु', ते 'एदुरुदार'. उलटतपासणी म्हणजे 'पाटी सवालु'. 'प्रमाण पत्र' ऐकून दाखला समजू नका, तिथे ते प्रतिज्ञापत्र. माझ्या शेजारी एक कन्नड अक्का होत्या. नोटीस आली की त्या चुलीपाशी बसून वाचून दाखवायच्या आणि मी मराठीत लिहून घ्यायची. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून काही टाइप करून घेतलंत तर सही करण्याआधी ते मोठ्याने वाचून घ्या. एकदा माझ्या अर्जात मुलाचं वय चुकलं होतं, असंच वाचताना सापडलं. साक्ष देताना मराठीतच बोला. अर्धवट कन्नडमध्ये बोलून चुकीचं लिहिलं जाण्यापेक्षा ते बरं. तुमची साक्ष लिहून झाली की ती तुम्हाला कळेल अशा भाषेत समजावून सांगितली पाहिजे, तो नियम आहे. नम्रपणे मागा: "साहेब, काय लिहिलंय ते मराठीत सांगायला लावा." मला एकदाही नाही म्हणाले नाहीत.

व्हरांड्यातलं बोलणं मात्र फार जपून. एका तारखेला वकील स्वतः माझ्याकडे आले, चांगल्या मराठीत, अगदी थोरल्या भावासारखे. "एकरकमी दीड लाख घ्या, कायमचं मिटवा, किती फेऱ्या मारणार तुम्ही?" चन्नम्मा सर्कलला उतरून पोराला कडेला धरून चालत आलेल्या बाईला दीड लाख म्हणजे काय वाटतं हे मी जाणते. मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. मुलगा अठराचा व्हायला अकरा वर्षं, म्हणजे 132 महिने, म्हणजे महिन्याला अकराशे छत्तीस रुपये. त्यांना तो आकडा दाखवला आणि आत गेले. पोटगीचा हक्क पोराचा आहे. आईने 'यापुढे काही मागणार नाही' असं लिहून दिलं तरी तो संपत नाही, पण असा कागद नंतर समोर धरून वर्षं घालवतात. तडजोड करूच नका असं मी म्हणत नाही. आकडा रास्त असेल तर करा, पण न्यायाधीशांसमोर आणि दरमहाच्या रकमेची. बाहेरच्या बाकावर कशावरही सही करू नका.

अंतरिम पोटगीचा, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या पोटगीचा अर्ज मूळ अर्जाबरोबरच द्या. नोटीस पोचल्यापासून शक्यतो साठ दिवसांत तो निकाली काढावा असं कायद्यातच आहे. प्रत्यक्षात लांबतं, पण तो आकडा तोंडपाठ असू द्या. 1 जुलै 2024 पासूनचे अर्ज नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली होतात, त्याआधीचे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खालीच चालतात. तुमच्या कागदावर यातलं कोणतं आहे ते बघा. पुढची तारीख मोबाइलवर ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये सीएनआर नंबर, म्हणजे तुमच्या केसचा सोळा अंक-अक्षरांचा नंबर टाकला की दिसते. तारखेसाठी कुणाला पैसे देऊ नका.

मला 8,000 मागून 5,500 मिळाले, अर्ज केल्याच्या तारखेपासून. पुढे वरच्या वर्गात फी वाढली की रक्कम वाढवून मागता येते, म्हणून वही निकालानंतरही बंद केली नाही.

शेवटी तुमचा कोल्हापूरचा प्रश्न, इथला आदेश तिकडे महाराष्ट्रात चालतो का. बॉर्डरपलीकडे गेलं म्हणून आदेश अडत नाही. आदेशाची एक प्रत तुम्हाला फुकट मिळते, ती मागून घ्या. तो माणूस जिथे असेल तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे त्या प्रतीवर वसुली करता येते, मग ते कोल्हापूर असो नाही तर पुणे. न दिलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते आणि आत जाऊन आलं तरी थकबाकी माफ होत नाही. मात्र रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. 'देतो, देतो' ऐकत माझे पहिले तीन महिने या मुदतीच्या काठावर आले होते. पहिला हप्ता चुकला त्या दिवसाची तारीख कॅलेंडरवर लाल पेनने लिहा आणि दहाव्या महिन्यात अर्ज घेऊन जा.