"मी ओरडले का नाही?"

वैदेही पहिल्यांदा आली ती झोप लागत नाही म्हणून. (नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही.) वय सव्वीस, सोबत मोठी बहीण. तीन भेटी झोप, पित्त आणि ऑफिसमधल्या चुका यांवरच गेल्या. चौथ्या भेटीला तिने बहिणीला बाहेर बसायला सांगितलं आणि म्हणाली, "मॅडम, मला एवढंच सांगा. मी ओरडले का नाही?"

पाच महिन्यांपूर्वी घरी नेहमी येणंजाणं असलेल्या एका माणसाने तिच्यावर बलात्कार केला होता. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा टीव्ही चालू होता, एक हाक पुरली असती. ती हाक निघाली नाही, म्हणून पाच महिने ती स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत होती. "म्हणजे मला चालत होतं का?" हे विचारताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

हा प्रश्न मी बायकांकडून ऐकला आहे, पुरुषांकडूनही. दर वेळी शब्द जवळजवळ हेच.

मी म्हटलं, "मनात काय आलं ते राहू दे. अंगाला काय झालं ते सांग." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हात गार पडले होते. माझे वाटतच नव्हते. तोंड उघडायला गेले, पण जबडा हलेना."

आपल्या आज्या याला दातखीळ बसणं म्हणत. शास्त्रात याला टॉनिक इमोबिलिटी असं नाव आहे. कोंबडीला आडवी दाबून धरली की थोड्या वेळाने ती निपचित पडते, हात काढला तरी लगेच उठत नाही. तशीच ही अवस्था. पळण्याची आणि लढण्याची, दोन्ही वाटा बंद झाल्या की शरीर आपणहून थिजतं. तिथे कुणी ठरवून गप्प बसत नाही. आवाज काढायचा असतो, पण निघत नाही.

मी तिला स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का विद्यापीठातल्या संशोधकांचं 2017 सालचं काम सांगितलं. बलात्कारानंतर तिथल्या तातडीच्या उपचार केंद्रात आलेल्या 298 स्त्रियांना त्यांनी त्या वेळची शरीराची अवस्था विचारली. 70 टक्के स्त्रियांनी लक्षणीय प्रमाणात असं थिजणं सांगितलं, 48 टक्क्यांनी अत्यंत तीव्र. सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हा थिजलेल्या स्त्रियांमध्ये आघातानंतरचा मानसिक विकार आणि तीव्र नैराश्य कितीतरी जास्त आढळलं. ज्यांनी विरोध केला नाही त्यांना फारसं लागलं नसावं, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. आकडे नेमके उलटं सांगतात.

"सत्तर?" तिने दोनदा विचारलं.

तिच्या परवानगीने बहिणीला आत बोलावलं आणि हेच पुन्हा सांगितलं. बहीण पदराशी चाळा करत ऐकत होती. म्हणाली, "मी हिला रोज हेच विचारत होते. तोंडाला काय झालं होतं तुझ्या?" मी तिला दोष दिला नाही. सुरुवातीच्या वर्षांत मीही एका मुलीला विचारलं होतं, "तू विरोध केलास का?" ती पुन्हा आली नाही. ते मला आजही सलतं.

पुढच्या भेटीत वैदेहीने विचारलं, "कोर्टातही हेच विचारतील ना?" विचारतील, असं मी खरं तेच सांगितलं. पण कायदा कुठून कुठे आला आहे तेही सांगितलं. 1972 साली विदर्भातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. उच्च न्यायालयाने दोषी ठरवलेल्या पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, हे त्यामागचं एक मोठं कारण. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. मुकाट राहणं आणि संमती देणं यांतला फरक त्यांनी ठणकावून मांडला. देशभर आंदोलन उभं राहिलं, 1983 मध्ये कायदा बदलला. 2013 च्या दुरुस्तीने तर स्पष्टच लिहिलं: स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून तिची संमती होती असं धरता येणार नाही. आजच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये हे वाक्य तसंच आहे.

हे वाचणाऱ्या कुणावर नुकताच असा प्रसंग आला असेल, तर आधी रुग्णालय गाठा. सरकारी असो की खासगी, उपचार ताबडतोब आणि मोफत देणं त्यांना बंधनकारक आहे. एचआयव्ही टाळण्याची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, म्हणून घाई. पोलीस तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्द आड येत नाही.

वैदेहीने तक्रारीचं अजून ठरवलेलं नाही. तो निर्णय तिचा, मी ढकलत नाही आणि बहिणीलाही ढकलू देत नाही. वकिलांना दाखवायला मात्र तिने सगळं लिहून काढायला घेतलं आहे. पहिल्या पानावर "मी विरोध केला नाही" असं वाक्य होतं. परवा वही आणली तेव्हा ते खोडलेलं होतं. वर बारीक अक्षरात लिहिलं होतं, "माझे हात हलत नव्हते."