करारांच्या सॉफ्टवेअरमध्ये शोध लावल्यावर काही करार यादीत येतच नाहीत, असं का होतं?

तुम्ही लिहिलंय की ‘येत्या ९० दिवसांत संपणारे सेवा आणि देखभाल करार’ असा शोध लावला, तर केव्हाच संपलेले करार यादीत घुसले आणि हवे होते त्यातले काही आलेच नाहीत. मी रोज हेच काम करते. या दोन्ही गोष्टींची कारणं वेगळी आहेत.

आधी जुने करार. तुम्ही अटी बहुधा अशा ओळीने टाकल्या असणार: प्रकार सेवा ऑर प्रकार देखभाल अँड समाप्ती ९० दिवसांत. अँड म्हणजे दोन्ही अटी लागू हव्यात, ऑर म्हणजे दोनपैकी एक पुरे. बहुतेक सॉफ्टवेअर अँड आधी जोडतं, ऑर नंतर. त्यामुळे तारखेची अट फक्त देखभाल करारांना लागली आणि सेवा करार सगळेच्या सगळे आले. दोन्ही प्रकार एका कंसात टाका (कंस नसेल तर ‘गट’ करायची सोय असते) आणि तारखेची अट त्या गटाबाहेर अँडने लावा. हे एवढ्यावर मिटेल.

न आलेल्या करारांची मला जास्त काळजी वाटते. नको असलेला करार यादीत दिसला तर लगेच खटकतो; जो आलाच नाही तो खटकणार कसा? सगळ्यात आधी रिकामी फील्ड (माहिती भरायचे रकाने) तपासा. समाप्तीची तारीख भरलेलीच नसेल तर तारखेच्या कुठल्याही अटीत तो करार बसत नाही. ‘स्थिती रद्द नाही’ अशी नकाराची अट लावली तरी ज्यांची स्थिती रिकामी आहे ते करार अनेक ठिकाणी गळतात. माझ्याकडच्या एका देखभाल करारात मुदत ‘यंत्र सुरू झाल्यापासून ३६ महिने’ अशी शब्दांत होती. भरणाऱ्याला तारीख सापडली नाही, त्याने फील्ड तसंच सोडलं. आम्हाला कळलं तेव्हा तो करार आपोआप आणखी एका वर्षासाठी वाढला होता, आणि ती सेवा आम्हाला नकोच होती. तेव्हापासून प्रत्येक शोधाच्या जोडीला मी दुसरा एक शोध जतन करून ठेवते: स्थिती ‘चालू’ अँड समाप्ती ‘रिकामी’. तुम्हीही हा शोध आजच लावून बघा.

यावरून आठवलं, आपोआप वाढणाऱ्या करारांसाठी समाप्तीची तारीख शोधणंच चुकीचं आहे. करार ३१ डिसेंबरला संपतो आणि ‘पुढे नको’ अशी नोटीस ९० दिवस आधी द्यायची आहे, तर शेवटचा दिवस २ ऑक्टोबर. तुम्ही १५ ऑक्टोबरला ९० दिवसांचा शोध लावलात तर करार यादीत येईल, पण नोटिशीची वेळ गेलेली असेल. नोटिशीच्या तारखेचं वेगळं फील्ड करून घ्या आणि शोध त्यावर लावा.

मुदत वाढवणारी पुरवणी वेगळी नोंदवली असेल तर मूळ करारावर जुनीच तारीख राहते, तेही बघा. मजकुरातून शोधत असाल तर स्कॅन केलेल्या पीडीएफवर ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं) झालंय का ते आधी विचारा. नाहीतर ते पान सॉफ्टवेअरच्या लेखी नुसतं चित्र असतं. शिवाय एकच कलम कुणी ‘नूतनीकरण’ म्हणून लिहितं, कुणी ‘मुदतवाढ’, कुणी ‘पुढे चालू राहील’. हे सगळे शब्द ऑरने जोडा आणि ‘पुढे चालू राहील’सारखा पूर्ण शब्दसमूह अवतरणचिन्हांत ठेवा.

शोध बरोबर आहे की नाही हे यादी बघून ठरवू नका. यादीत यायलाच हवेत असे पाच-सहा करार आधी फायलीतून हाताने काढा, त्यात एक पुरवणीवाला आणि एक स्कॅन केलेला घ्या, आणि मग ते सगळे येतात का ते पाहा. एखादा आला नाही तर एकेक अट काढत जा. जी काढल्यावर तो दिसेल, घोळ तिथेच आहे. आणि जतन करताना ठरावीक तारीख घालू नका, ‘आजपासून ९० दिवस’ असंच ठेवा, म्हणजे पुढच्या महिन्यात तोच शोध पुन्हा चालेल.