आधी वाक्य, मग संज्ञा

प्रिय मुली,

तुझी वही वाचली. प्रत्येक कथेच्या समासात प्रतिमा, प्रतीक, रूपक, पूर्वसूचन अशी नावं, आणि शेवटी वैतागून लिहिलेला प्रश्न, ‘एवढं ओळखूनही कथा का कळत नाही?’ संज्ञा हातात घेऊन तू वाक्य शोधत जातेस, म्हणून. आधी वाक्यावर बोट ठेव, तिथे काय घडतंय ते साध्या मराठीत लिही, मग नाव दे.

उपमा-रूपकात वेळ घालवू नकोस, ते तुला येतं. तुझी गल्लत प्रतीकात आहे. पाऊस तीनदा आला की तू लगेच ‘प्रतीक’ लिहितेस. पाऊस खोडून कथा वाच. नुसतं हवामान बदललं तर ती प्रतिमा होती. कथेचा अर्थच ढासळला, तर म्हण प्रतीक.

खरा घोळ निवेदनात होतो. हे बघ: ‘ती जिना चढू लागली. उद्या कोण विचारणार होतं तिला?’ दुसरं वाक्य कुणाचं? तू लिहिशील, लेखकाचं. अवतरणचिन्ह नाही, ‘तिला वाटलं’ नाही, म्हणून फसायला होतं. ते वाक्य तिच्या तोंडी घालून बघ: ‘उद्या कोण विचारणार आहे मला?’ चपखल बसलं ना? म्हणजे निवेदन तृतीयपुरुषी, आवाज मात्र तिचा. हे मुक्त अप्रत्यक्ष निवेदन. हे निसटलं की पात्राची कुरकुर लेखकाचं मत ठरते आणि पुढचं सगळं विवेचन वाकडं जातं.

अविश्वसनीय निवेदक हे नाव अमेरिकी समीक्षक वेन बूथ यांनी 1961 मध्ये रूढ केलं. युक्ती त्याहून कितीतरी जुनी. ‘मला राग येत नाही,’ म्हणणारा चार ओळींनंतर कप फोडतो. सांगणं आणि दिसणं यांत अशी फट दोन-तीन ठिकाणी दाखवता आली, तरच तो शब्द वापर. निवेदक आवडला नाही, एवढ्यावर त्याला खोटं पाडू नकोस! पुन्हा तेच सांगते: बोट वाक्यावर.

पूर्वसूचन, म्हणजे पुढे घडणाऱ्याची आधीच दिलेली चाहूल, पहिल्या वाचनात शोधूच नकोस. शेवट माहीत नसताना ते ठरवणार कशावरून? खटकलं तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह कर आणि दुसऱ्या वाचनात तपास.

संज्ञांशी माझं वैर आहे, असं काहींना वाटतं. वाटू दे. दोघांना एकाच वाक्याबद्दल भांडायचं असेल तर नावं लागतातच. पण ते वाक्य आधी दोघांनी पाहिलेलं हवं.

आता एकच कथा घे. पाच वाक्यं अधोरेखित कर, प्रत्येकाखाली एका ओळीत काय घडलं ते लिही. समास कोरा ठेवून वही पाठव.